विद्यापीठाचा खरेदी-अर्ज बदलला तर काय काय बदलेल?

कोठीघर

गेली अकरा वर्षं मी एका विद्यापीठाच्या मध्यवर्ती भांडारात काम करते. मागच्या महिन्यात भांडार दुसऱ्या इमारतीत हलवायचं ठरलं, म्हणून मागच्या खोलीचं कुलूप काढलं. आत एकोणीस प्रिंटर निघाले. त्यातले सहा खोक्यातून कधी बाहेरच आले नव्हते. चिकटपट्टी तशीच होती, फक्त पिवळी पडून कडेनं सुटलेली. प्रत्येक खोक्यावर विभागाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख. त्या मॉडेलची कार्ट्रिज आता कुठेच मिळत नाहीत. एकही पान न छापता ती यंत्रं जुनी झाली. डेड स्टॉक रजिस्टरमधली (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतली) त्यांची नोंद माझ्याच अक्षरात आहे. ती वाचताना फार वाईट वाटलं, आणि म्हणून हा धागा.

आमच्याकडे पर्यावरणाचे कार्यक्रम भरपूर होतात. झाडं लावतो, घोषवाक्यांची स्पर्धा घेतो, दोन रंगांचे कचऱ्याचे डबे आहेत. मनापासून करणारे लोक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण डबा म्हणजे वस्तूच्या प्रवासाचं शेवटचं ठिकाण. खाण, कारखाना, जहाज, गोदाम हे सगळं उरकूनच वस्तू आपल्या दारात येते. तिच्या पायी जी ऊर्जा, पाणी आणि खनिजं जायची असतात, त्यातली बरीचशी तोवर गेलेली असतात. विद्यापीठाच्या हातात खरी ताकद आहे ती वस्तू आत येते त्या दारापाशी, म्हणजे मागणीपत्रकावर सही होते तिथे.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची जी १७ उद्दिष्टं ठरवली, त्यातलं बारावं नेमकं याच विषयावर आहे: जबाबदार उपभोग आणि उत्पादन. त्यातलं १२.७ हे लक्ष्य सार्वजनिक खरेदीबद्दल बोलतं. १२.५ मध्ये कचरा कमी करण्याचे मार्ग दिलेत, आणि त्यात सुरुवातीलाच येतं ते कचरा निर्माणच होऊ न देणं. विद्यापीठांनी हा विषय त्याच्याही आधी हातात घेतला होता. १९९० मध्ये फ्रान्समधल्या ताल्वार इथे विद्यापीठप्रमुखांनी एक जाहीरनामा केला. संशोधन, अध्यापन आणि विद्यापीठाचा स्वतःचा रोजचा कारभार या सगळ्यांत पर्यावरणाचा विचार आणायचा, असं त्यात म्हटलं होतं. त्यातला 'रोजचा कारभार' हा शब्द माझ्यासारख्या भांडारातल्या माणसाला महत्त्वाचा वाटतो.

कार्बनचा हिशेब मांडताना उत्सर्जनाचे तीन भाग करतात. पहिला भाग आपण स्वतः जाळलेल्या इंधनाचा, दुसरा विकत घेतलेल्या विजेचा. तिसऱ्यात खरेदी केलेल्या वस्तू, बांधकाम, प्रवास, कचरा असं बाकी सगळं येतं. ज्यांनी हा हिशेब पुरता मांडलाय, त्या विद्यापीठांत बहुतेक वेळा तिसराच भाग सगळ्यांत मोठा निघतो. आणि नेमका तोच मोजायचा राहून जातो, कारण त्याचा मीटर भिंतीवर नसतो.

आमचं मागणीपत्रक वस्तूचं नाव, नग आणि खर्चाचं शीर्ष एवढंच विचारतं. मला त्यात आणखी चार प्रश्न हवेत. ही वस्तू विद्यापीठात दुसऱ्या कुठल्या विभागात पडून आहे का? आहे ती दुरुस्त होऊ शकते का, आणि कोणी बघितली? नव्या वस्तूचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? आणि शेवटी ती परत कोण नेणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर सगळ्या विभागांची डेड स्टॉकची यादी एकत्र आणि सगळ्यांना दिसेल अशी हवी. आज ती चाळीस वेगवेगळ्या कपाटांत आहे.

ज्यांच्याकडे असं काही करून पाहिलंय त्यांनी लिहा. अडचणी आल्या असतील तर त्या आधी लिहा.

निळी_शाई

ताई, फार महत्त्वाचा धागा. ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे कागदाबद्दल बोलतो.

पीएच.डी.चा प्रबंध कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत दुप्पट अंतर ठेवून छापायचा, असा आमच्याकडे नियम होता. का, ते कोणालाच सांगता येईना. टंकलेखन यंत्राच्या काळात मागून अक्षरं उमटायची, बहुधा तिथून तो चालत आला असावा. दोनशे पानांच्या प्रबंधाच्या पाच प्रती म्हणजे हजार कागद. दोन्ही बाजूंनी छापायची परवानगी दिली की पाचशे. अंतर कमी केलं आणि प्रती दोनवर आणल्या, तर दीडशेच्या आसपास. विद्यार्थ्याला 'कागद वाचवा' असं वर्षभर सांगूनही जे झालं नसतं ते नियमातलं एक वाक्य बदलल्यावर झालं. त्या एका वाक्याला तीन समित्या आणि दीड वर्ष लागलं, हेही खरं.

म्हणून माझं म्हणणं: आधी आपली नियमपुस्तकं वाचून काढा. 'करू नका' असं कुणी म्हणायच्या आधीच नियमानं सक्तीची केलेली उधळपट्टी त्यात सापडते.

गंधक

कोठीघर ताईंनी कार्यालयीन वस्तूंबद्दल लिहिलंय. मी प्रयोगशाळेबद्दल लिहिते, कारण इथे प्रश्न फार मोठा आहे आणि बाहेरच्यांना दिसत नाही.

आमच्या मजल्यावर उणे ८० अंशांचे पाच फ्रीजर आहेत. जुना फ्रीजर एकटाच एका घराएवढी वीज खातो, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपायी खोली थंड करायला आणखी वीज लागते. गेल्या वर्षी एकाचं दार नीट लागेना म्हणून सगळं बाहेर काढलं. मागच्या कप्प्यात बोटभर बर्फ होता. खरवडल्यावर खाली नळ्यांचे सात ट्रे निघाले. मार्करची शाई उडालेली, फक्त कुठे 'बी-३', कुठे नुसतीच तारीख. ज्यानं ठेवले तो विद्यार्थी सहा वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेला. कशाचे नमुने आहेत हे आम्हा कोणालाच सांगता येईना, तरी ते सहा वर्षं उणे ८० वर जपलेले.

त्या दिवसापासून दोन गोष्टी केल्या. पहिली, नमुन्यांची यादी. विद्यापीठ सोडताना ग्रंथालयाचं ना-हरकत घेतात, तसं आता फ्रीजरचंही घ्यावं लागतं. दुसरी, ज्या नमुन्यांना चालतं त्यांचे फ्रीजर उणे ७० वर आणले. दहा अंशांच्या या फरकानं साधारण ३० टक्के वीज वाचते. कोणत्या नमुन्यांना चालतं ते आधी तपासूनच करा, आंधळेपणानं नको. पण 'उणे ८०' हा आकडा देवाघरून आलेला नाही. पाचातला एक फ्रीजर रिकामाच झाला. आम्ही सहावा मागणार होतो. ती मागणी मागे घेतली.

आणखी एक गोष्ट फ्यूम हूडची, म्हणजे रसायनं हाताळायच्या काचेच्या कपाटाची. तो विषारी वाफा बाहेर फेकतो म्हणजे खोलीतली थंड किंवा गरम केलेली हवाही चोवीस तास बाहेर फेकतो. पुढची काच उघडी ठेवून लोक रात्री घरी जातात. हूडमध्ये हवेचा प्रवाह काचेनुसार बदलायची सोय असेल, तर नुसती काच खाली ओढल्यानं मोठी बचत होते. ती सोय नसेल तर काच ओढून सुरक्षितता वाढते, वीज वाचत नाही. आमच्या इमारतीत स्टिकर लावून झाले आणि मग कळलं की निम्मे हूड दुसऱ्या प्रकारचे आहेत. आधी अभियंत्याला विचारायला हवं होतं.

आणि प्लास्टिक. जगभरच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळा वर्षाला सुमारे ५५ लाख टन प्लास्टिक कचरा करत असाव्यात, असा अंदाज एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडला होता. निर्जंतुक लागतं तिथे प्लास्टिक लागणारच, त्यावर वाद नाही. पण बफरसारखं साधं द्रावण ढवळायला, रंगद्रव्य मोजायला काचेचं भांडं चालतं. आम्ही काचेकडे परत गेलो तेव्हा प्रश्न आला तो भांडी धुणार कोण याचा. धुण्याचं काम संशोधक विद्यार्थ्यांच्या अंगावर टाकलं, तर ते आठवड्याभरात प्लास्टिकवर परततात. धुलाईची खोली आणि त्यासाठी पगारी माणूस ही शाश्वततेची खरी तरतूद आहे.

शिकवण्याचंही तसंच. अॅनास्टस आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच: कचरा झाल्यावर त्यावर प्रक्रिया करण्यापेक्षा तो होऊच न देणं बरं. आम्ही ही तत्त्वं फळ्यावर शिकवत होतो आणि त्याच तासाला प्रात्यक्षिकात पन्नास मिलिलिटर द्रावक वापरायला लावत होतो. आता प्रात्यक्षिकं दहाव्या हिश्शाच्या प्रमाणात करतो. मुलांचे हातही जास्त नेमके झालेत.

रेघोटी

गंधक, फ्रीजरच्या ना-हरकतीची कल्पना उचलतेय. आमच्याकडे असे दोन तरी ट्रे नक्की असतील.

ताई, एक प्रश्न. ते सहा प्रिंटर घेतले कशाला होते? वर्ष संपताना निधी परत जाऊ नये म्हणूनच ना? मग अर्जात कितीही प्रश्न घाला, लोक त्यांची उत्तरं तयार करतील.

कोठीघर

रेघोटी, हो, त्यासाठीच. निधी शिल्लक राहिला तर पुढच्या वर्षी कमी मिळेल ही भीती. आणि ती खोटी नाही, असं होतं. म्हणूनच मला त्या विभागप्रमुखांना दोष द्यावासा वाटत नाही. शिल्लक रक्कम दुरुस्तीसाठी पुढच्या वर्षात नेता आली, तर त्या शेवटच्या आठवड्यातली निम्मी मागणीपत्रकं येणारच नाहीत. हे लेखा विभागातलं कोणी वाचत असेल तर लिहा.

सावकाश

लेखा विभागातलाच आहे. आधी आमची बाजू मांडतो, कारण अशा चर्चांत लेखापरीक्षण हा नेहमी खलनायक ठरतो.

सर्वांत कमी दराची निविदा सोडून दुसरी घेतली तर आक्षेप येतो. सार्वजनिक पैसा आहे, प्रश्न विचारलाच पाहिजे. पण दर उघडायच्या आधी तांत्रिक अटी असतात आणि त्या लिहिणं विद्यापीठाच्याच हातात असतं. सात वर्षं सुटे भाग, आवारात दुरुस्ती, जुनं यंत्र परत नेण्याची हमी, विजेच्या वापराची कमाल मर्यादा हे सगळं अटींमध्ये घाला आणि मग त्यातला सर्वांत कमी दर घ्या. परीक्षक काही म्हणणार नाही. मी वीस वर्षांत अशा अटींवर आक्षेप पाहिलेला नाही. अटच न लिहिता 'हे जास्त टिकेल असं वाटलं' अशा शेऱ्यावर मात्र पाहिलाय. अट कोणा एकाच कंपनीला बसेल अशी नसावी, इतकंच पथ्य. शाश्वत खरेदीसाठी आयएसओ २०४०० नावाचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक २०१७ पासून आहे. त्याचा आधार घेतला की टिप्पणी लिहिणं सोपं जातं.

दुसरं, फक्त खरेदीची किंमत बघू नका, वापराच्या सगळ्या वर्षांचा खर्च मांडा: वीज, शाई, दुरुस्ती, विल्हेवाट. स्वस्त प्रिंटर तिथेच महाग ठरतो.

आता विजेचं बिल. बहुतेक विद्यापीठांत ते मध्यवर्ती भरलं जातं, विभागाला त्याची झळ लागत नाही. गंधक ताईंनी वाचवलेली वीज त्यांच्या प्रयोगशाळेच्या खात्यात कधी दिसली नसेल. अमेरिकेतल्या येल विद्यापीठानं २०१५ च्या अखेरीस काही इमारतींवर एक प्रयोग सुरू केला. उत्सर्जनाच्या प्रत्येक टनामागे ४० डॉलर असा अंतर्गत आकार लावायचा, आणि विद्यापीठाच्या सरासरीपेक्षा जास्त कपात करणाऱ्याला त्यातूनच परतावा द्यायचा. पैसा बाहेर जात नाही, आतल्या आत फिरतो. पुढे त्यांनी तो विद्यापीठभर नेला. लगेच असं काही जमलं नाही तरी प्रत्येक इमारतीला वेगळा मीटर बसवून त्याचा आकडा दर महिन्याला विभागप्रमुखाच्या टेबलावर ठेवणं कुठेही शक्य आहे.

निधी पुढे नेण्याबद्दल: दुरुस्ती निधी हे वेगळं शीर्ष उघडता आलं तर जमतं. त्याचा ठराव वित्त समितीसमोर न्यावा लागेल.

कंदील

वसतिगृहाच्या भोजनगृहाची जबाबदारी माझ्याकडे आहे. २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या अन्नाच्या १९ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातला आकडा आहे. त्यातला सुमारे २८ टक्के वाटा भोजनगृहं, उपाहारगृहं अशा ठिकाणांचा. हे आकडे मी भिंतीवर लावले आणि ताटातलं उष्टं जराही कमी झालं नाही.

मग उष्टं आणि न वाढता उरलेलं वेगवेगळं तोलायला लागलो. तीन आठवड्यांत उमगलं की आमच्याकडे ताटातल्यापेक्षा पातेल्यातलं जास्त वाया जातंय. म्हणजे मुलांचं नव्हे, आमचं चुकत होतं. परीक्षेनंतरच्या दिवशी, सुट्टीला लागून आलेल्या दिवशी किती जण जेवणार याचा अंदाज न घेता आम्ही रोजच्याएवढंच शिजवत होतो. आता आदल्या रात्रीपर्यंत नाव नोंदवायचं आणि दुसरी खेप लागेल तशी लावायची. वाढायचा डाव लहान केला, हवं तितक्यांदा मागा. मोठे ट्रे काढून टाकले. लोक एका वेळी हातात मावेल तेवढंच घेतात.

आणखी एक. केंब्रिज विद्यापीठाच्या उपाहारगृहांमधल्या ९४ हजारांवर जेवणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाकाहारी पर्याय चारात एक होता तो चारात दोन केला, तर शाकाहारी जेवणांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली, आणि एकूण विक्रीत फारसा फरक पडला नाही. कोणाला उपदेश केला नाही, मनाई केली नाही. समोर काय मांडलंय यानं माणूस काय घेतो ते ठरतं, हे मला रोज दिसतं.

पानगळ

सगळं पटलं, तरी माझा एक मुद्दा वेगळा आहे. विद्यापीठ कितीही मोठं असलं तरी त्याची स्वतःची खरेदी जगाच्या मानानं नगण्य. विद्यापीठाचं खरं 'उत्पादन' म्हणजे तिथून बाहेर पडणारी माणसं. वस्तूंची रचना, पॅकिंग, कारखान्यातली प्रक्रिया, जाहिरात, कर्जवाटप उद्या तेच ठरवणार आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यंत्र जोडायला शिकवतात, उघडायला शिकवत नाहीत. मी वस्तुरचना शिकवतो. पहिल्या सत्रात प्रत्येक गटाला एक बंद पडलेली घरगुती वस्तू देतो: पूर्ण उघडा, प्रत्येक भागाचा पदार्थ ओळखा, तोला, आणि कुठे स्क्रू होता अन् कुठे गोंद ते लिहा. गोंदानं चिकटवलेली बॅटरी काढताना आवरण तुटतं, तेव्हा मुलं स्वतःच म्हणतात, 'सर, हे मुद्दाम असं केलंय का?' तिथून खरा अभ्यासक्रम सुरू होतो. सत्राच्या शेवटी तीच वस्तू पुन्हा रचायची, पण दहा मिनिटांत साध्या हत्यारांनी उघडेल अशी.

व्यवस्थापनाच्या मुलांना मात्र अजूनही फक्त विक्री वाढवायला शिकवलं जातं. तिथे आम्ही कमी पडतोय.

उंबरठा

पानगळ सर, मी विद्यार्थी आहे आणि मला हे दोन मुद्दे वेगळे वाटतच नाहीत. विद्यापीठ काय विकत घेतं हे आम्ही रोज बघतो, आणि त्यातूनही शिकतो. वर्गात चक्राकार अर्थव्यवस्था शिकलो, म्हणजे वस्तू टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवणं. त्याच आठवड्यात संगणक प्रयोगशाळेतली चालू यंत्रं बाहेर काढलेली पाहिली, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार (सपोर्ट) संपला आणि त्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. यंत्रात काही बिघाड नव्हता. आमच्या गटानं त्यातली चौदा मागून घेतली आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली. प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकांना ती व्यवस्थित पुरतात.

साधा हिशेब बघा. विद्यापीठात बाराशे लॅपटॉप असतील आणि दर चार वर्षांनी बदलत असतील, तर वर्षाला तीनशे नवे लागतात. सहा वर्षं वापरले तर दोनशे. लॅपटॉपच्या आयुष्यातल्या उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, त्यामुळे वापरताना वीज वाचवण्यापेक्षा तो दोन वर्षं जास्त वापरणं महत्त्वाचं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला तो फक्त २२.३ टक्के. 'पुनर्वापराला दिलं' म्हणून निश्चिंत होता येत नाही.

आम्ही महिन्यातून एका शनिवारी दुरुस्तीचं टेबल लावतो. २००९ मध्ये अॅम्स्टरडॅमला सुरू झालेल्या रिपेअर कॅफेवरून सुचलं. आणलेली वस्तू आम्ही परस्पर दुरुस्त करत नाही, आणणाऱ्याला शेजारी बसवून करतो. आम्हाला जागा मिळाली, पण सोल्डरिंगची हत्यारं ठेवायला कपाट मिळत नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात २०१० पासून ग्रीन ऑफिस, म्हणजे शाश्वततेचं काम बघणारं कार्यालय आहे. विद्यार्थीच ते चालवतात, पण त्यांना मानधन, अंदाजपत्रक आणि अधिकृत स्थान असतं. नाहीतर आमची तुकडी बाहेर पडली की टेबल बंद.

जुना_नकाशा

दोन सावधगिरीच्या गोष्टी. इंजिनं कार्यक्षम झाली म्हणून कोळशाचा वापर घटत नाही, उलट वाढतो, हे जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५ मध्येच दाखवलं होतं. गंधक यांचा रिकामा फ्रीजर कोणी दुसऱ्यानं सुरू केला तर बचत गेली. तो बंद करून रजिस्टरमधून काढणं किंवा ज्यांची मागणी आलीय त्यांना देणं, इथवर काम पुरं करा.

दुसरं, विद्यापीठांच्या क्रमवारीसाठी माहिती भरताना धोरण आहे का, समिती आहे का, हे विचारतात. आमच्याकडे दोन्ही आहेत. पण गेल्या तीन वर्षांत किती वस्तू नव्यानं घेतल्या, हा आकडा मी मागितला तर कोणाकडेच नव्हता. तो आधी काढा.

गंधक

नकाशा, फ्रीजर बंद आहे आणि प्लग काढून ठेवलाय. वनस्पतिशास्त्र विभागाची मागणी होती, पुढच्या सोमवारी तो तिकडे जातोय. त्यांची नवी खरेदी रद्द झाली.

कोठीघर

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा छापून (दोन्ही बाजूंनी) आमच्या कुलसचिवांकडे नेला होता. त्यांनी चारही प्रश्न घातले नाहीत. 'दुसऱ्या विभागात आहे का' आणि 'परत कोण नेणार' हे दोन घातले, एका वर्षासाठी, प्रायोगिक. सावकाश दादा, दुरुस्ती निधीच्या ठरावाचा मसुदा मी लिहिलाय. तुम्ही एकदा नजर घालाल का? वित्त समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि मला त्या भाषेचा सराव नाही.

उंबरठा, तू आमच्या विद्यापीठातला असतास तर कपाट लगेच दिलं असतं. भांडारात तीन रिकामी आहेत. तुझ्या भांडारपालांना थेट जाऊन भेट, अर्ज नंतर कर. रिकामं कपाट कुठे आहे हे त्यांनाच माहीत असतं.

यादीचं काम सुरू केलंय. चाळीसपैकी सात विभागांची रजिस्टरं झाली. आतापर्यंत अकरा प्रोजेक्टर आणि एक संपूर्ण सूक्ष्मदर्शक संच निघाला, आणि त्याच संचाची नवी मागणी माझ्या टेबलावर पडलेली होती. ती आज त्या विभागाला परत पाठवली, सोबत कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात तो संच आहे ते लिहून.